देविकाच्या घराचा लोड

मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सहा वर्षं काढल्यावर देविका आणि निरंजनला गोमती नगरात स्वतःचं घर मिळालं. अर्ज भरला होता देविकानं, बँकेत नवीन असताना, आणि सोडतीत नंबर लागला तोही तिचाच. त्यामुळे घराचे कागद तिच्या नावाचे होते आणि विजेचं कनेक्शनही तिच्याच नावावर येणार होतं. क्वार्टरमध्ये बिल निरंजनच्या पगारातून परस्पर कापलं जायचं. मीटर कुठे आहे, हेसुद्धा तिनं कधी पाहिलं नव्हतं.

१९९४च्या मार्चमध्ये ती अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेली. खिडकीमागच्या बाबूंनी तिचा फॉर्म चाळला आणि घराला किती वीज लागणार, त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"लोड वाली जगह खाली है, मैडम. घर में क्या-क्या चलेगा?"

घरात होते दोन पंखे, इस्त्री आणि मिक्सर. ते लिहून झाले, पण देविकाचं पेन थांबेना. फ्रिज, कूलर, गीझर, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन. शेवटची ओळही भरून तिनं फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

चार दिवसांनी तपासणीसाठी ज्युनिअर इंजिनिअर रस्तोगी आले. चुन्याचा वास येणाऱ्या रिकाम्या खोलीत उभं राहून त्यांनी फॉर्म वाचला.

"फ्रिज कहाँ है?"

देविका त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. "यहाँ, इस कोने में." तिथे काहीच नव्हतं.

"अगं, खरं काय ते सांग ना त्यांना," निरंजन ओशाळून पुटपुटला.

"खरंच सांगतेय." ती रस्तोगींकडे वळली. "अभी नहीं है, भाईसाहब. सब आएगा, एक-एक करके. लोड बढ़वाने बार-बार कौन दौड़ेगा?"

रस्तोगींनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"तो कूलर इसमें मत लगाइए, शाम की धूप सीधी आएगी. उधर लगाइए. पॉइंट अभी निकलवा लीजिए."

मग तिघंही खोल्याखोल्यांतून फिरले. गीझरला जाड वायर हवी, अर्थिंग नीट करून घ्या, असं सांगत रस्तोगी भिंतीवर पेन्सिलीनं फुल्या मारत होते. निरंजनचाही संकोच गेला. "बाल्कनीतसुद्धा एक पॉइंट असू दे," तो म्हणाला. "तिथे बसून रेडिओ ऐकता येईल." रस्तोगींनी तिथेही फुली मारली आणि फॉर्मवर सही केली.

आठवड्याभरात वायरमननं दाखवल्या ठिकाणी सगळे पॉइंट काढले. पुढच्या शनिवारी दुपारी लाइनमन मीटर घेऊन आला. शिडी लावून तो खांबावर चढला. देविका मीटरसमोर उभी राहिली आणि निरंजन आत पंख्याच्या बटणावर बोट ठेवून.

"दबाइए," वरून आवाज आला.

मीटरमधली चकती जरा थबकली आणि सावकाश फिरू लागली.

"फिरतंय," देविका ओरडली. "आता इस्त्री लाव."

चकतीचा वेग वाढला. मिक्सर सुरू झाला तशी चकतीवरची लाल खूण भराभर समोरून जाऊ लागली.

"अरे, पळतंय बघ कसं!"

त्याला बोलवायला ती धावत आत गेली. रंगकाम चालू असताना पंख्याच्या पात्यांवर साचलेला चुना खाली उडाला होता आणि निरंजन केसांपासून मिशीपर्यंत पांढरा होऊन उभा होता. तिला हसू आवरेना. तिनं मिक्सर, इस्त्री बंद केली, तशीच त्या चुन्यानं माखलेल्या फरशीवर बसली आणि निरंजनचा हात धरून त्यालाही शेजारी ओढलं. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता. लाइनमन सहीसाठी दारातून हाका मारत होता, पण दोघांपैकी कुणालाच उठावंसं वाटेना.