सातवा खडा

टेम्पो मागे मागे येत खड्ड्याच्या काठाशी थांबला, तेव्हा वसुंधरा त्याच खड्ड्यात पोटरीभर पाण्यात उभी राहून कर्दळीची पिवळी पानं काढत होती. तिनं मान वर केली, टेम्पोतलं डेब्रिज पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"वहिनी, बाहेर या," सोसायटीचे चेअरमन प्रल्हाद खरे काठावरून म्हणाले. "मीटिंगमध्ये ठरलंय. हे डबकं बुजवायचं आणि वर कोबा करायचा."

"ठरलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं."

"एकट्या तुम्ही!"

"पाणीही माझ्या एकटीच्याच घरात शिरतं."

खोटं नव्हतं ते. आचोळ्यातल्या त्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या बाजूला तिचं एकच बिऱ्हाड. दर पावसाळ्यात पलंग विटांवर चढायचा आणि शिलाई मशीन पलंगावर. बिल्डरनं बावखल, म्हणजे वाडीतलं लहानसं तळं, बुजवून इमारत उभी केली होती, मग दुसरं काय होणार? वसुंधराचं माहेर निर्मळचं, केळीच्या वाडीतलं. पावसाचं पाणी जिरवणारं, उन्हाळ्यात वाडी जगवणारं बावखल तिच्या अंगणातच होतं. पाणी कुठं जाणार हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

म्हणून उन्हाळ्यात तिनं कुदळ घेतली आणि मागचा सखल कोपरा खणला. गच्चीच्या पाइपाचं पाणी चर काढून तिकडे वळवलं. पाइपाच्या तोंडाशी माती वाहून जाऊ नये म्हणून नदीतले गोल खडे पसरले. ओलीला कर्दळ आणि अळू, काठाला तेरडा, डासांसाठी गप्पी मासे. लोक गॅलरीतून बघून हसले. नंतर याच लोकांनी फुकटचं अळू नेलं, फदफदं करून ओरपलं आणि मीटिंगमध्ये खड्ड्याविरुद्ध हात वर केले. याला म्हणतात खाल्ल्या घरचे वासे मोजणं!

"यंदा तुमच्या घरात आलं का पाणी? नाही ना? पाऊसच कमी झाला," खरे म्हणाले.

"कमी? मग तुमची स्कूटर पाण्यात बंद पडली ती कशी?"

खऱ्यांनी घड्याळ पाहिलं. आज गौरी यायच्या होत्या, ऑफिसला सुट्टी होती, म्हणून त्यांनी हाच मुहूर्त काढला होता. त्यांची बायको विनिता रत्नागिरीकडची. त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावर जाऊन सात खडे वेचायचे आणि तोंडात पाण्याची चूळ धरून, न बोलता, मागे वळून न बघता घरी आणायचे. पण आचोळ्यात पाणवठा कुठला? इथं राहायला आल्यापासून ती बिचारी बांधकामाच्या खडीतले खडे बादलीत बुचकळून आणत होती आणि दरवर्षी हळहळत होती.

"शेवटचं सांगतो, वहिनी. पाण्यात उभं राहून काय मिळणार तुम्हाला?"

"मी उभी आहे तोवर तुम्ही ओतणार नाही. तेवढंच हवंय."

ड्रायव्हर शत्रुघ्ननं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात जिन्याकडून विनिता आली. हिरवी साडी, हातात तबक, दोन्ही गाल फुगलेले.

"विनिता? तू इथं काय करत्येस?"

ती काय बोलणार? तोंडात चूळ होती. ती सरळ पाइपापाशी गेली, वाकली आणि एकेक करून खडे वेचायला लागली. वसुंधरानं सरकून तिला वाट दिली. सात खडे झाले, तेरड्याची दोन रोपं झाली, आणि विनिता घराकडे वळली. वळताना तबक कललं. एक खडा डुबकन पाण्यात गेला.

विनिता जागच्या जागी थांबली. मागे बघायचं नाही, बोलायचं नाही. तिनं नुसता एक हात मागे केला, तळवा उघडा ठेवून.

"सातवा पडला," वसुंधरा म्हणाली. स्वतः मात्र ती हलली नाही. "तुमच्या घरची गौर आहे, भाऊजी. तुम्हीच काढा."

खऱ्यांनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं. मग चपला काढल्या, पँट दुमडली आणि 'अरे देवा' म्हणत ते पाण्यात उतरले. गप्पी मासे त्यांच्या पायांभोवती जमले.

"कुठला हो होता?"

"कुठलाही घ्या. इथलाच हवा, एवढंच."

त्यांनी चाचपून एक खडा काढला, शर्टाला पुसला आणि विनिताच्या तळव्यावर ठेवला. तिनं मूठ मिटली आणि ती चालू लागली.

"साहेब," शत्रुघ्ननं खिडकीतून विचारलं, "मग ओतू ना डबक्यात?"

"डोकं फिरलंय का तुझं?" खरे पाण्यातूनच ओरडले. "पाणवठा आहे हा! गौर निघाल्ये इथनं. ने तो टेम्पो!"

ओरडून झाल्यावर त्यांचं लक्ष पाण्यातल्या आपल्याच पायांकडे गेलं. वसुंधरानं हातातली पिवळी पानं काठावर टाकली आणि त्यांना वर यायला हात दिला.