बांबूचा शेंडा

कुंपणाच्या पहिल्या दोन खांबांमध्ये एकवीस बांबू होते. सतरा हिरवेगार, तीन पिवळट पडलेले आणि एक यंदाच उगवलेला, बुंध्याशी अजून तपकिरी सालपटं चिकटलेला. तेवढ्याच लांबीच्या वाटेवर तिला सोडून चौतीस माणसं होती. त्यांतली तेहतीस वर बघत होती. कुणाचं तोंड उघडं, कुणाचा मोबाइल आभाळाकडे, एकीने तर टोपी मागे पडू नये म्हणून हाताने दाबून धरलेली. चौतिसावे तिचे बाबा. ते समोर बघत होते, पुढच्या माणसाच्या पाठपिशवीकडे.

ते पाहिलं आणि तिची मोजणी तिथेच थांबली.

बाबांच्या मानेचे तीन मणके आठ महिन्यांपूर्वी पट्टी आणि स्क्रू लावून एकमेकांना जोडले होते. मान किंचित खाली झुकली होती, ती तशीच पक्की झाली. हातांतल्या मुंग्या जातील पण वर बघणंही जाईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घरात सगळ्यांना त्याची सवय होऊन गेली होती. वरच्या फळीवरचे डबे ती काढायची, दिवा गेला तर शेजारी यायचा. या सहलीसाठी तिने तिकिटं तपासली, खोली तपासली, बाबांच्या बुटांचे तळवेसुद्धा उलटे करून पाहिले. पण वेळूचं बन बघायला जायचं म्हणजे मान वर करावी लागणार, ही गोष्ट भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात एमएस्सी झालेल्या तिच्या डोक्यात आली नव्हती. बाबांच्याही नाही. आत्याच्याही नाही, आणि आत्याच्या डोक्यात न येणारी गोष्ट विरळा.

बाबांनी अडतीस वर्षं परांची बांधली. इमारत वर चढताना तिच्या बाहेरून बांबूंचा जो सांगाडा चढतो, ज्यावर उभं राहून गवंडी आणि रंगारी काम करतात, ती. बांबू ट्रकमधून यायचे, वीस-वीस फुटांचे, आडवे, शेंडे छाटलेले; हौद्यात मावतील एवढेच. बाबांनी असे हजारो बांबू उभे केले, दोरीने आवळले, त्यांच्यावर चढले. मुळावर उभा असलेला बांबू मात्र कधी पाहिला नव्हता. "माझा सगळा जन्म मधल्या तुकड्यात गेला," ते म्हणायचे. काम सोडलं तेव्हा घरच्यांनी विचारलं, काय हवं? त्यांनी एवढंच मागितलं, एकदा शेंडा बघायचाय. ती म्हणाली होती, आधी ऑपरेशन उरकू, बांबू काय पळून जातायत?

बांबू पळाले नव्हते.

"बाबा, कसं वाटतंय?" तिने चाचरत विचारलं.

"छान आहे. गार आहे." बाबा थोडे थांबले. "लोकांच्या पिशव्या चांगल्या प्रतीच्या आहेत."

आत्या खळखळून हसली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान चालवते आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. "अरे, मग आडवा हो की. तो बघ, तिकडे बाक आहे. झोपून बघ वर."

"सपाट झोपलो की भोवळ येते मला. रात्री तीन उशा घेतो, ठाऊक आहे ना तुला? इथे आडवा झालो तर लोक हार घेऊन येतील."

तिने मोबाइलवर शेंड्यांचे फोटो काढून बाबांपुढे धरले. बाबांनी चष्मा वर-खाली केला, मोबाइल लांब नेला, जवळ आणला. पडद्यावर त्यांना स्वतःचंच नाक दिसत होतं.

"हे घरी बसूनही दिसलं असतं," ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "राहू दे गं. खालचं काय कमी आहे?"

आणि खालचं खरंच कमी नव्हतं. बाबा कुंपणाशी गेले. बुंध्याजवळच्या पेरांवर त्यांनी पंजा ठेवला आणि ओळखीच्या माणसाचा दंड धरावा तसा धरून ठेवला. हिरव्या सालीवर पांढरी भुकटी होती, तिच्यावर बोटांचे ठसे उमटले. ट्रकमधून येणाऱ्या बांबूवर ही भुकटी कधी नव्हती, प्रवासात पुसली जात असणार. पानांतून गाळून आलेला उजेड वाटेवर पसरला होता, इतका हिरवा की आत्याची पांढरी ओढणीसुद्धा कच्च्या कैरीच्या रंगाची दिसत होती. मधूनच वारा यायचा आणि वर कुठेतरी बांबूवर बांबू आपटायचा, टक्, टक्. मग सगळं बन करकरायचं.

"हा आवाज मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "वाऱ्यात परांची अशीच बोलते. नवे लोक घाबरायचे. मी म्हणायचो, बोलतेय तोवर ठीक आहे."

तिने त्यांना नव्या कोंबाबद्दल सांगितलं, की बांबू जमिनीतून वर येतो तोच पूर्ण जाडीचा. पुढे फक्त लांब होतो, जाड होत नाही. त्याची सगळी पेरं कोंबातच घड्या घालून ठेवलेली असतात, दुर्बिणीच्या नळ्यांसारखी.

"म्हणजे जन्मतःच ठरलेलं?"

"जाडी ठरलेली. पेरंही."

"तुझ्या बापासारखं," आत्या म्हणाली. "जन्मला तेव्हाच एवढा होता. तुझ्या आजीला विचार."

तिघंही हसली. पण ती पाहत होती. प्रत्येक वेळी टक् असा आवाज झाला की बाबांचे खांदे नकळत मागे जायचे, हनुवटी जागची हलायची नाही, आणि खांदे परत यायचे. गर्दीतून वरच्यासाठी 'आहाहा' निघायचं आणि बाबा सौजन्य म्हणून मान डोलवायचे. घरून एवढ्या लांब आणून त्यांना पाठपिशव्या दाखवल्या, असं तिच्या मनात आलं आणि तिने ओठ दाताखाली धरला.

वाट पुढे वळणावर रुंद झाली होती. तिथे झाडी विरळ होती आणि वळणाच्या तोंडाशी, कुंपणाला अगदी लागून, एक भला दांडगा बांबू एकटा उभा होता. त्याच्यापाशी फोटोसाठी रांग लागली होती. एवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला आणि सुकी पानं भुरुभुरु खाली आली. दोन-तीन आत्याच्या कालच रंगवलेल्या केसांत अडकली.

"झालं," म्हणत आत्याने पिशवीतून आरसा काढला. गोल, मुठीचा, थाळीएवढा. गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवायला असतो तो. सहलीला हा कशाला आणलास, असं तिला विचारण्यात अर्थ नव्हता. आत्याने पानं वेचली, कंगवा फिरवला आणि आरसा एका हातात उताणा धरून दुसऱ्या हाताने पिशवीची चेन शोधू लागली.

"ताई, हलू नकोस."

"काय झालं? किडा आहे का?"

"हलू नकोस म्हणतोय ना."

बाबा आरशात बघत होते. त्यांना वर बघायची गरजच नव्हती. झुकलेली मान जिकडे नेत होती तिकडेच, आत्याच्या तळहातावर, आभाळ होतं. ते एक पाऊल पुढे झाले. आत्याने चेनचा नाद सोडला आणि दोन्ही हातांनी आरसा धरला. ती नक्की कधी गप्प झाली ते कुणाच्या लक्षात आलं नाही, पण झाली.

बाबा हळूहळू सांगू लागले, जणू बाकीच्यांनाच दिसत नव्हतं. बांबू वर जाता जाता बारीक होतोय. मनगटाएवढा, मग अंगठ्याएवढा, मग करंगळी. शेवटी दाभणाएवढा. पेरं मध्ये लांब आणि वर पुन्हा आखूड. पानं सगळी वरच आहेत, खाली एक नाही. आणि टोक सरळ नाही, स्वतःच्याच पानांच्या भाराने वाकलंय.

"खाली बघतोय तो," ते म्हणाले. "माझ्यासारखाच."

"तुझ्यापेक्षा बरा दिसतो," आत्या म्हणाली. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

शेजारच्या एका बाईने मान लांब करून आरशात डोकावलं आणि नवऱ्याला ओढून आणलं. वर सगळ्यांना दिसत होतं, तरी आरशात बघायला लोक थांबू लागले. आभाळ खाली, त्यात हिरवे शेंडे विहिरीत वाकल्यासारखे. वर बघण्यापेक्षा हे वेगळंच होतं. वाट तुंबली. शिट्टी फुंकत वनरक्षक आला, काय चाललंय म्हणून त्याने आरशात पाहिलं आणि शिट्टी ओठांतच राहिली.

"एकेक जण या," आत्या म्हणाली. "माझे हात आहेत, खांब नाहीत."

"उंची किती असेल याची?" बाबांनी विचारलं.

वनरक्षक म्हणाला की पाटीवर लिहिलीय ती सगळ्या बनाची सरासरी आहे, या एकट्याची कुणी मोजलेली नाही.

"तीस फूट," बाबा म्हणाले. "फार तर पस्तीस. मला वीस मिळायचे, वरचा बारीक भाग पंधरा धर."

"मोजू या," ती म्हणाली. आवाज चढला होता, तिचा तिलाच कळला. "आरसा जमिनीवर सपाट ठेवायचा. तुम्ही मागे-पुढे व्हायचं, शेंड्याचं टोक आरशाच्या बरोबर मध्यात दिसेपर्यंत. तुमच्या डोळ्यांची उंची तुमच्यापासून आरशाच्या अंतराशी जशी, तशीच बांबूची उंची आरशापासून बांबूच्या अंतराशी. डोळे तुमचेच लागतील, बाबा."

"टेप माझीच घे," बाबा म्हणाले आणि खिशातून काढून दिली. काम सुटलं होतं, खिसा सुटला नव्हता.

वनरक्षकाने लोकांना दोन्ही बाजूंना थोपवलं. आत्याने आरसा वाटेवर ठेवला, ओढणीने पुसला. लेकीने त्याच्या काठाखाली दोन खडे सरकवले आणि त्यावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून सपाटी पाहिली. बाबा आरशापुढे उभे राहिले. थोडे मागे. थोडे पुढे. शेंडा वाऱ्यावर हलत होता, म्हणून सगळे वारा पडायची वाट पाहत थांबले.

"आता," बाबा म्हणाले. "मध्यात आहे."

तिने त्यांच्या बुटाच्या टोकापाशी बोटानेच मातीत रेघ ओढली. टेपचं एक टोक बाबांनी धरलं, दुसरं तिने. बाबांच्या डोळ्यांची उंची एक मीटर त्रेपन्न सेंटिमीटर. रेघेपासून आरशाचा मध्य, अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. आरशाच्या मध्यापासून बुंधा, दोनदा टेप लावून, बारा मीटर चार सेंटिमीटर. तिने गणित मोबाइलवर तीनदा केलं.

"बोल की," आत्या म्हणाली.

अठरा मीटर ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे एकसष्ट फूट आठ इंच. बाबांना अडतीस वर्षं मिळालेल्या वीस फुटांच्या तिपटीहून जास्त.