खोट्या आजीची हिस्ट्री

सव्वीस वर्षं मी वॉर्डात लोकांना त्यांच्या दुखण्याबद्दल विचारते आहे, पण एकाही पेशंटने मला कधी फॉर्मच्या क्रमाने उत्तरं दिलेली नाहीत. पोटात कधीपासून दुखतंय विचारलं की माणूस धाकट्या भावाच्या लग्नापासून सुरुवात करतो. ऑपरेशन कधी झालं विचारलं तर ते करणारा डॉक्टर किती माणूसघाणा होता आणि त्याची बायको किती चांगली होती हे सगळं कळतं, साल तेवढं कळत नाही. नव्या मुली वैतागतात. मीही वैतागते, उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू. पण आजार त्या पाल्हाळातच कुठेतरी दडून बसलेला असतो. हे ज्यांनी मला शिकवलं त्या बाईंची ही गोष्ट आहे, आणि तिच्यात मी काही फार शहाणी दिसत नाही.

त्यांना आम्ही थांबाबाई म्हणायचो. त्यांच्या पाठीमागे, अर्थात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला पेशंटची हिस्ट्री, म्हणजे आधीच्या आजारांची आणि औषधांची माहिती, कशी घ्यायची हे त्या शिकवत. पेशंट जरा गप्प राहिला की आम्ही घाईघाईने पुढचा प्रश्न टाकायचो, आणि मागून आवाज यायचा, "थांबा. विचारलंत ना? मग आता थांबा." अठरा वर्षांच्या पोरींनाही त्या "सिस्टर, तुम्ही" असंच म्हणत. त्यामुळे त्या रागावल्या तरी ते वर्मी लागायला जरा वेळ जायचा.

सरावाला खरे पेशंट मिळत नसत, म्हणून बाई स्वतःच पेशंट व्हायच्या. उंच गळ्याचा आपला कडक पोशाख तसाच ठेवून डोक्याला रुमाल बांधायच्या, सरावाच्या खोलीतल्या खाटेवर आडव्या व्हायच्या आणि कण्हायला लागायच्या. त्या सोंगाला आम्ही खोटी आजी म्हणायचो. खोट्या आजीला लहानपणी कावीळ झालेली, बत्तिसाव्या वर्षी अपेंडिक्स काढलेलं, पेनिसिलिनने अंगभर पुरळ उठायचं. औषधं? काही नाही. "काही नाही" ऐकून जी मुलगी पुढे सरकायची ती नापास. जी थांबायची तिला आजी उशीखालून एक बाटली काढून दाखवायची, शेजारणीने दिलेलं गुडघेदुखीचं औषध. मी पुढे सरकले होते. दहापैकी चार मार्क.

गेल्या वर्षी एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, थांबाबाई स्ट्रेचरवरून माझ्याच वॉर्डात आल्या. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली, घरात एकट्या. शेजाऱ्यांनी भाच्याला फोन केला, आणि तो परगावाहून आल्या पावली त्यांना घेऊन आला होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठरलं.

भाचा पंचेचाळिशीचा, भला माणूस, पण माहितीच्या नावाने शून्य. "मावशी कधी काही सांगतच नाही हो," तो म्हणाला. "तब्येत विचारली की म्हणते, तू तुझं बघ."

"घरात औषधं आहेत का काही?"

"कपाट बघितलं मी सकाळी. एक मलमाची डबी आहे फक्त."

हिस्ट्री मीच घेणार म्हणून मी जाहीर करून टाकलं. खरं सांगायचं तर त्यात माझी हौस जास्त होती. दहापैकी चार मिळवलेली पोरगी आता वॉर्डाची इन्चार्ज आहे, हे बाईंना दिसावं असं मला वाटत होतं. मी स्टूल ओढलं, त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडेल इतकी खाली बसले आणि म्हणाले, "बाई, ओळखलंत ना?"

"हो तर. बसा, सिस्टर. विचारा."

मी विचारलं. काय सांगू, अशी हिस्ट्री मी आयुष्यात घेतली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत उत्तर तयार. आधीचे आजार म्हणताच, लहानपणी कावीळ. ऑपरेशन म्हणताच, अपेंडिक्स, बत्तिसाव्या वर्षी. कशाची अ‍ॅलर्जी? पेनिसिलिनने पुरळ. सध्या औषधं? काही नाही. आवाज जाड आणि बसका झाला होता, पण क्रम जराही चुकत नव्हता. बारा मिनिटांत फॉर्म भरला, कुठे खाडाखोड नाही. मी हुरळूनच गेले. शेवटी मास्तरीण ती मास्तरीण, असं मनाशी म्हणत मी खाली सही ठोकली.

मग नाडी बघितली. बावन्न. हाड मोडलेल्या माणसाची नाडी पळत असते, ही रमतगमत चालली होती. हात गार, कोरडे. चेहरा सुजल्यासारखा. वय झालं, वेदनाशामक इंजेक्शन दिलंय, असं मीच माझं समाधान करून घेतलं. वर्गात असं उत्तर दिलं असतं तर बाईंनी मला उभं केलं असतं.

दुपारी ऑपरेशनच्या तयारीसाठी मी त्यांचं अंग पुसायला घेतलं. पोटावरचा गाऊन बाजूला केला आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. पोट स्वच्छ होतं. अपेंडिक्सचा व्रण जिथे असायला हवा तिथे काहीही नव्हतं. मी उजेड वळवून पुन्हा बघितलं, बोट फिरवून बघितलं. चाळीस वर्षांत व्रण फिका होतो, नाहीसा होत नाही.

आणि मग, मान पुसताना, गळ्याच्या वळीत लपलेली एक बारीक आडवी रेघ दिसली. या कानाखालून त्या कानाखाली नाही, पण बरीच लांब, आणि नीट टाके घातलेली. थायरॉइडची गाठ काढतात तिथे. तीन वर्षं आम्ही त्यांना उंच गळ्याच्या पोशाखातच बघितलं होतं.

कावीळ, अपेंडिक्स, पेनिसिलिन, औषधं काही नाही. मी भरलेला फॉर्म थांबाबाईंचा नव्हताच. तो खोट्या आजीचा होता. जिच्यापायी दहापैकी चार मिळाले तिची हिस्ट्री मी शब्दन् शब्द उतरवून घेतली होती आणि मला पत्ताही लागला नव्हता. दुसरा कोणीही पेशंट असा धडाधड बोलला असता तर मला संशय आला असता. बाईंचा आला नाही, कारण बाईंचं सगळं बरोबरच असणार असं मी तीस वर्षं धरून चालले होते.

थायरॉइड काढलेल्या माणसाला रोजची गोळी जन्मभर लागते. ती बंद पडली की शरीर हळूहळू मंद होत जातं. नाडी मंद, अंग गार, डोकं जड. अशा माणसाला भूल दिली तर तो पुन्हा डोळे उघडेल याची खात्री कोणी देत नाही. आणि ऑपरेशनच्या फाइलमध्ये माझ्या सहीनिशी लिहिलेलं होतं, औषधं काही नाही.

मी तडक भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, पेशंटची हिस्ट्री चुकलीय, उद्याचं ऑपरेशन घेऊ नका, म्हणून सांगितलं. त्यांनी रक्ताची तपासणी पाठवायला सांगितली आणि विचारलं, "गोळी किती दिवसांपासून बंद आहे? का बंद आहे? ते कळल्याशिवाय मला डोस ठरवता येणार नाही." फोन ठेवून मी तो बारा मिनिटांचा फॉर्म हातात घेतला. फाडून टाकायचा आणि कोरा घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. कोणाला कळणार होतं? पण आधी बाईंकडे जाणं भाग होतं, म्हणून तो तसाच खिशात कोंबला.

भाच्याला मी चहाला पाठवलं, पडदा ओढला आणि पुन्हा स्टुलावर बसले.

"बाई, तुमची मान बघितली मी," मी म्हणाले. "त्याबद्दल सांगा."

त्यांनी छताकडे बघितलं. "अपेंडिक्सचं ऑपरेशन, बत्तिसाव्या..."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जीभ चावून गप्प बसले. पलीकडच्या खाटेवर कोणीतरी पाणी मागितलं, ते कोणीतरी दिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला इतकं गप्प बसायची सवय नाही, घरी माझा नवरा सांगेल.

"अडतीस," बाई म्हणाल्या. "अडतीस वर्षांची होते मी. गाठ होती इथे." हात गळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "गोळी असायची. लहान, पांढरी. सकाळी उठल्या उठल्या."

"असायची?"

मग त्या फार हळू बोलल्या. "घेतली की नाही तेच आठवायचं नाही. डबी हातात घेऊन उभी राहायचे. एका दिवशी दोनदा घेतली गेली बहुतेक. छाती इतकी धडधडली, वाटलं आता संपलं. म्हणून फेकून दिल्या. न घेतलेल्या बऱ्या, असं वाटलं."

"कधी झालं हे?"

"उन्हाळा होता."

म्हणजे चार महिने झाले होते. मी लिहून घेतलं.

"मघाशी तुम्ही विचारायला लागलात," त्या म्हणाल्या, "आणि माझं मला काही सापडेना. तुम्ही पेन धरून बसलेल्या. काहीतरी सांगायला हवं होतं. ते तेवढं पाठ होतं."

मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. अभ्यासक्रमात ते आहे की नाही हे मला त्या घडीला आठवत नव्हतं.

"सिस्टर, गोळीचं लिहा. पण विसरते ते लिहू नका. इथल्या निम्म्या मुली माझ्या हाताखालून गेल्यात. फाइल सगळ्या वाचतात. मी केवढं बोलले आहे त्यांना."

हे मला फार लागलं. पेन बाजूला ठेवून, बरं नाही लिहीत, असं म्हणून टाकणं किती सोपं होतं. "बाई, ते नाही लिहिलं तर हाड बसवतील, हातात गोळ्या देतील आणि तुम्हाला घरी पाठवतील," मी म्हणाले. "पुन्हा तीच डबी, पुन्हा तुम्ही एकट्या. गोळी रोज कोणीतरी हातावर ठेवायला हवी. त्यासाठी ते कागदावर असायला हवं."

त्यांनी डोळे मिटले. पाण्याचा एक थेंब कानाकडे ओघळला, तो त्यांनी पुसला नाही. मग म्हणाल्या, "मी म्हणाले तसंच लिहा. स्मृतिभ्रंश वगैरे तुमच्या मनाचं घालू नका."

"नाही घालत. बाई, मघाचा फॉर्म मी फाडणार होते."

डोळे उघडले. इतका वेळ न दिसलेली थांबाबाई मला तेव्हा दिसली. "फाडायचा नाही. एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला वेळ आणि सही."

मी त्यांच्यासमोर रेघ मारली. माझी चूक आणि त्यांचं विसरणं एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लागलं. संध्याकाळी वॉर्डातल्या मुलींनी ते वाचलं. एकीनेही माझ्याकडे वर मान करून बघितलं नाही, आणि बाईंच्या उशा मात्र त्या दिवसापासून कोणी ना कोणी येऊन नीट करून जात होतं.

रक्ताचा रिपोर्ट माझ्या भीतीपेक्षाही वाईट आला. ऑपरेशन सहा दिवस पुढे गेलं. तोवर औषध सुरू झालं, नाडी साठीच्या वर आली, हातांना ऊब आली. ऑपरेशन झालं त्या दुपारी मी ड्यूटी संपूनही घरी गेले नाही. बाईंनी डोळे उघडले आणि तहान लागली म्हणून सांगितलं, तेव्हा मी जाऊन न्हाणीघरात पोटभर रडून आले. डॉक्टरीणबाईंनी भाच्याला बजावलं होतं, गोळीने विसरणं थोडं कमी होईल, सगळं जाईल अशी आशा ठेवू नका. तो त्यांना आपल्या घरी न्यायला तयार झाला. गोळी रोज मी स्वतः देईन, असं त्याने मला दोनदा सांगितलं.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी जाताना भरायचा फॉर्म घेऊन मी बसले. या खेपेला बारा मिनिटांत काही उरकलं नाही. झोप कशी लागते विचारलं तर शेजारच्यांचा कुत्रा आला, कुत्र्यावरून बाईंची आई आली, आईवरून लहानपणी नदीत पडल्याची हकीकत आली, आणि त्या हकिकतीतून कळलं की डाव्या कानाने त्यांना तेव्हापासून कमी ऐकू येतं. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मी अधूनमधून विचारत होते आणि बाकी वेळ गप्प बसत होते. तासभर गेला.

बाई मधेच थांबल्या आणि माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या.

"तुम्ही छान विचारता, सिस्टर," त्या म्हणाल्या. "घाई करत नाही. कोणी शिकवलं तुम्हाला?"

पहिल्या दिवशी त्या "हो तर" म्हणाल्या होत्या. सगळ्यांनाच सिस्टर म्हणणाऱ्या बाईंनी मला ओळखलंच नव्हतं, आणि इतक्या दिवसांत मला ते कळलंही नव्हतं. काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेऊ शकले असते.

"तुम्हीच, बाई," मी म्हणाले.

त्या माझा चेहरा शोधत राहिल्या. सापडला नाही, हे मला दिसलं. मग त्यांनी तो शोध सोडून दिला आणि उशीवर मान टेकली.

"म्हणजे मला येत होतं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. मग मला पुढचा प्रश्न काही विचारता येईना, आणि बाई माझ्यासाठी थांबून राहिल्या.