एकीपुरता तंबू

कार्तिकातले उतरते ऊन. मधाळ, मंदगामी, कसलीच घाई नसलेले. नाशिकच्या एका तिमजली इमारतीच्या गच्चीवर ते सांडले होते, आणि पश्चिमेला अंजनेरीची नीलधूसर पाठ त्याच उन्हात शेकत पडली होती.

गच्चीवर चार तंबू उभे. एक शेवाळहिरवा, एक राखाडी, एक जांभूळवर्णी, एक पिकल्या आंब्याच्या कांतीचा. चारही एकेका माणसापुरते. खाली गिर्यारोहणाच्या सामानाचे दुकान आहेरबाईंचे. त्यांची रीत अशी की, घेणाऱ्याने आधी तंबूत आडवे व्हावे, मग तोंड उघडावे.

आले होते दोघे. मंदाकिनी गायधनी, वय अठ्ठावन्न, पावले हरिणीची. पुंडलिक गायधनी, वय चौसष्ट, उजवा गुडघा नवाकोरा, धातूचा, डॉक्टरांच्या धाकातला.

गेली एकतीस वर्षे दर मार्गशीर्षात हे दोघे रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे चालत गेले. तंबू एकच, काठ्या पुंडलिकरावांच्या पाठीवर, कापड मंदाकिनीबाईंच्या. काठ्यांना कापडावाचून अर्थ नाही, कापडाला काठ्यांवाचून उभारी नाही. यंदा ती एकटी निघणार होती. मात्र बोलून बसली होती : आज मनाजोगता तंबू मिळाला तर जाईन, नाहीतर राहिले घरी.

ते वाक्य पुंडलिकरावांनी सुपारीच्या खांडासारखे गालात धरून ठेवले होते.

जन्मभर वजनमापे निरीक्षक. नोकरी सुटली, काटा सुटला नाही; आजही खिशातून घरचा लोंबता काटा निघाला. प्रत्येक तंबूचा दुकानातला दुसरा, बांधलेला नग त्यांनी त्याला टांगला. हिरव्याच्या पिशवीवर बाराशे ग्रॅम, काट्यावर तेराशे ऐंशी. खुंट्या धरल्याच नव्हत्या म्हणे. हिरवा बाद. राखाडी आतून दव धरील. बाद. जांभळ्याची चेन तिसऱ्या खेपेला अडकली. पहिल्या दोन खेपांना सुरळीत सरकली होती, त्यांची नोंद झाली नाही.

आहेरबाई कठड्याला टेकून पाहत होत्या. "काका, तंबू घेताय की सोयरीक जुळवताय?"

"सोयरिकीत इतकं पाहिलं नव्हतं," पुंडलिकराव म्हणाले.

"म्हणून तर झाली," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि बूट काढू लागल्या.

उरला आम्रवर्णी. पिशवीवर नऊशे पंच्याऐंशी. काट्यावरचे आकडे थरथरले, घुटमळले, थांबले : नऊशे पंच्याऐंशी. खुंट्यांसकट, दोऱ्यांसकट. निरीक्षकांनी काटा खिशात ठेवला.

ती आत शिरली, आडवी झाली. वारा आला, कापडाच्या कानाशी काही पुटपुटला, गेला.

मग आतून आवाज आला, थोडा उतरलेला. "अहो, हाही अरुंदच. खांदा कापडाला लागतोय. पहाटेच्या दवात सगळं पांघरूण भिजेल."

झाले. आता एक 'हं' म्हणायचा अवकाश. एक ओठही न हलवता म्हणता येईल असा हुंकार. आणि मार्गशीर्ष घरात, चहाचे कप दोन, दाराला आतून कडी. त्यांच्या बाजूने सारे जुळून आले होते.

पुंडलिकराव वाकले. नव्या गुडघ्याला न विचारता वाकले, आणि तंबूच्या दारातून आत पाहिले.

ती डाव्या भिंतीला अगदी चिकटून निजली होती. अंग चोरून, हात आखडून, जशी एकतीस वर्षे निजत आली तशी. आणि उजवीकडे एक पट्टी मोकळी. रिकामी, केशरी, नीट राखलेली.

दीड वीत. डोळ्यांनी माप घेतले. त्या डोळ्यांनी आजवर खोटे माप दिले नव्हते.

ते पुष्कळ वेळ वाकलेले राहिले. गालात धरलेले ते वाक्य विरघळून गेले.

"मंदा," ते म्हणाले, "मधे सरक."

 मग कापड सळसळले. अंग सरकले, हळू, उंबरा ओलांडावा तसे. भिंतीवरचा खांद्याचा फुगवटा मिटला. तंबू ताणला, ताठरला, उभा राहिला.

ऊन तोवर अंजनेरीला टेकले होते. केशरी कापडातून ते आरपार गेले, आणि मधोमध तिची सावली उमटली, शांत, सरळ, तराजूच्या मधल्या काट्यासारखी. इकडे पाऊण वीत उजेड. तिकडे पाऊण वीत उजेड. दोन्ही पारडी सम, दोन्ही रिकामी.