चौदा खासदारांचे अठ्ठावीस बूट

रोज सकाळी साडेनऊला तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या एका इमारतीखालून एक मिरवणूक जायची. पिवळ्या टोप्या घातलेली पाळणाघरातली मुलं, जोडी-जोडीने, एक मोठं आणि एक छोटं, हातात हात धरून. मोठ्याने छोट्याला सांभाळायचं, हा तिथला नियम. साडेतीन वर्षांची क्षिप्रा बाल्कनीच्या गजांत नाक खुपसून बघत राहायची, आणि शेवटची टोपी वळणाआड गेली की आपल्या बाहुलीचा हात धरून घरातल्या घरात, ओट्यापासून न्हाणीघरापर्यंत, मिरवणूक काढायची. बाहुली छोटी, क्षिप्रा मोठी. दोघींचीच मिरवणूक.

तिच्या आईला, वनिताला, ते बघवत नसे. पण पाळणाघराचा दुसरा नियम असा, की आई नोकरीला असेल तरच मुलाला जागा. आणि नोकरीला विचारायला जावं, तर पहिला प्रश्न, "मूल कुठे ठेवणार?" वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

"ह्याला आमच्यात डेडलॉक म्हणतात," तिचा नवरा उल्हास म्हणाला. पुण्याहून कंत्राटावर आलेला सॉफ्टवेअरवाला तो. जगातली प्रत्येक अडचण त्याच्यात काहीतरी म्हणून ओळखली जायची.

"मग सोडवता कसा?"

"मशीन बंद करून परत चालू करतो."

"फारच उपयोग झाला तुझा."

तर अशा वेळी, सत्त्याण्णवच्या जानेवारीत, मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक, ताठ, इस्त्री केलेल्या रुमालासारख्या. परिषदा भरवणारं त्यांचं छोटंसं कार्यालय होतं. युरोपातले खासदार आणि आफ्रिका, आशिया, दूरदूरच्या बेटांवरच्या विकसनशील देशांतले खासदार मिळून एक परिषद घ्यायचे. व्यापार, मदत, मासेमारी, सगळ्यावर बोलायचे. यंदा त्रयस्थ जागा म्हणून यजमानपद तोक्योकडे होतं, आणि फ्रेंचही येणारं, जपानीही येणारं माणूस मोरिता-सानना हवं होतं. वनिता दोन्ही भाषा पुण्यातच शिकून आली होती.

"तीन दिवस बघते," मोरिता-सान म्हणाल्या. "पटलं, तर कायमचं पार्टटाइम काम, आणि पाळणाघराला लागणाऱ्या नोकरीच्या दाखल्यावर माझा शिक्का. एकच लक्षात ठेवा, वनिता-सान. दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं."

पाळणाघराचे अर्ज घ्यायची शेवटची तारीख सोमवार. परिषदेचा शेवटचा दिवस शुक्रवार. पहिले दोन दिवस झकास गेले. आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"वनिता, मी सुलेखा. रागावू नकोस हं. आमच्या केन्जीला कांजिण्या आल्यात. अंगभर. क्षिप्राला आज माझ्याकडे आणू नकोस बाई."

सुलेखाताई शेजारच्या गल्लीत राहायच्या. जपानी माणसाशी लग्न करून पंधरा वर्षं इथे मुरलेल्या. दोन दिवस क्षिप्रा त्यांच्याकडेच होती.

"अहो ताई, पण उल्हास तर काल नागोयाला गेला! उद्या यायचा तो."

"मग सुट्टी टाक."

"आज? आज टाकली तर कायमचीच मिळेल."

मग सुलेखाताई म्हणाल्या, "घेऊन जा तिला. जपानी माणसाला नियम सांगितला की तो मोडत नाही, पण समोर मूल उभं केलं की नियम कुठे ठेवला होता ते त्याला आठवत नाही. माझा अनुभव आहे."

वनिताने क्षिप्राच्या पिशवीत बाहुली, केळं आणि थालीपीठ भरलं आणि निघाली.

परिषदेची बैठक त्या दिवशी एका जुन्या बागेतल्या जपानी पद्धतीच्या सभागृहात होती. हा मोरिता-सानचा हातखंडा डाव. आधीचे दिवस मोठ्या हॉटेलात खुर्च्यांवर बसून सगळे भांडायचे. शेवटच्या दिवशी मसुदा ठरवायला मोजके चौदा जण घ्यायचे, सात युरोपचे आणि सात विकसनशील देशांचे, आणि त्यांना खाली, तातामीच्या चटयांवर बसवायचं.

"परदेशी माणसाचे गुडघे चाळीस मिनिटं टिकतात," मोरिता-साननी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "एक्केचाळिसाव्या मिनिटाला करार होतो."

तातामीची खोली म्हणजे बूट बाहेर. बाहेरच्या पायरीशी बुटांची राखण करायला ओकादा नावाचे आजोबा होते. वनिताने क्षिप्राला त्यांच्यापुढे उभं केलं आणि कमरेत वाकून उभी राहिली, जमेल तितकी खाली. आजोबांनी एकदा वनिताकडे पाहिलं, एकदा क्षिप्राच्या बाहुलीकडे.

"नाव काय?"

"क्षिप्रा."

"शिपुरा-चान," आजोबांनी लाडाचं 'चान' जोडून प्रयत्न केला, आणि खिशातून तांदळाची कुरकुरीत चकती काढून तिला दिली. "मोरिता-साननी विचारलं, तर मी काही पाहिलेलं नाही. बघ हं, शिपुरा-चान, लोक बूट काढतात तेव्हा तोंडं आत असतात. आपण ती दाराकडे वळवून ठेवायची. म्हणजे परत जाताना पाय सरळ बुटात. येईल तुला?"

क्षिप्राने अशी मान डोलावली, जणू जन्मभर तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

आत एकच मुद्दा अडला होता. परिषदेची कायमची समिती नेमायची हे ठरलेलं. पण अध्यक्ष कुणाचा? बेल्जियमचे लेमेन्स साहेब, साडेसहा फुटी, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले, म्हणत होते, कचेरी युरोपात, टंकलेखक युरोपात, तेव्हा अध्यक्षही युरोपातला बरा. समोर पश्चिम आफ्रिकेतल्या मादाम दियालो, पिवळ्याजर्द झग्यात, पाय दुमडून ऐसपैस. त्यांना चटईवर बसण्याचं काहीच वाटत नव्हतं. मोरिता-सानच्या डावातलं हे एक भोक होतं. गुडघे फक्त एकाच बाजूचे दुखत होते.

"आमच्या गावात विहीर खणायला सगळ्यांना बोलावतात," मादाम म्हणाल्या, "आणि दोर मात्र एकाच घरात ठेवतात. असं चालतं का, महाशय?"

वनिता हे जपानीतून मोरिता-सानच्या कानात सांगत होती. तोंड मादामचं, तोंड लेमेन्स साहेबांचं, आणि कान मात्र तिचा स्वतःचा, दाराकडे लागलेला. बाहेर फार शांत होतं. साडेतीन वर्षांचं मूल शांत असणं म्हणजे काय, हे ज्याला मूल आहे त्याला सांगायला नको.

एक्केचाळिसावं मिनिट आलं, पन्नासावं आलं, करार काही आला नाही. शेवटी लेमेन्स साहेब समोरच्या बसक्या टेबलाला धरून उठले, पायाला आलेल्या मुंग्या झटकत म्हणाले, "आम्ही सभात्याग करतो!" आणि लंगडत दाराकडे निघाले. मागोमाग युरोपचे उरलेले सहा. मोरिता-सानचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्यामागे वनिता धावली.

पायरीशी खासदारांचे बूट, नाकं दाराकडे करून, शिस्तीत उभे होते. फक्त जोड्या वेगळ्या होत्या. एक मोठा आणि एक छोटा. फिनलंडच्या खासदाराचा काळा जाड बूट आणि त्याला चिकटून बेटावरच्या खासदाराची चप्पल. जर्मन बाईंचा तपकिरी आणि झांबियाच्या गृहस्थांचा पांढरा. ओळच्या ओळ, पाळणाघराच्या मुलांसारखी, निघायच्या तयारीत. ओकादा आजोबा चहाचं पाणी आणायला गेले होते तेवढ्यात हे झालं होतं. ओळीच्या टोकाला, उरलेल्या एका बुटाच्या जोडीला, क्षिप्रा उभी, दोन्ही हात वर.

"देकिता!" ती ओरडली. झालं! मग आईला बघून मराठीत, "आई, कुणाला एकटं नाही ठेवलं!"

वनिताला वाटलं, जमीन दुभंगावी. नुसती दुभंगून चालणार नाही, तिने दाखल्यासकट आपल्याला पोटात घ्यावं.

"ही कोण?" मोरिता-सानचा आवाज.

"माझी मुलगी," वनिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

चौदाही जण पायरीवर गोळा झाले. बरेचसे बूट काळेच. हा माझा, नाही हो तो माझा, असं सुरू झालं. सभात्याग करायला निघालेले सात जण वाकून बूट शोधत होते, आणि ज्यांना टाकून जायचं तेच त्यांना शोधून देत होते. लेमेन्स साहेबांचा एक बूट मिळाला, मादाम दियालोंच्या पिवळ्या टाचेच्या बुटाशेजारी. दुसरा कुठेच नाही.

"बाळा, ह्या काकांचा दुसरा बूट?" वनिताने खाली बसून विचारलं.

क्षिप्राने ओठांवर बोट ठेवलं आणि छत्र्यांच्या स्टँडमागे नेलं. तिथे तो सत्तेचाळीस नंबरचा बूट होता. त्यात बाहुली, गळ्यापर्यंत रुमाल पांघरून.

"निजलीय. उठवायचं नाही."

वनिताने सांगितलं ते फ्रेंचमध्ये. लेमेन्स साहेबांनी वाकून बुटात पाहिलं. युरोपच्या सगळ्या प्रतिष्ठेनिशी ते तिथे एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मोजा घालून उभे होते, आणि मोज्याला भोक पडून अंगठा बाहेर आला होता.

"विचारा तिला," ते हळूच म्हणाले, "साधारण किती वेळ झोपते?"

"खूप," क्षिप्रा म्हणाली.

"माझी नातही अशीच आहे," असं म्हणून साहेब पायरीवर बसले. मोज्यातला पाय दुसऱ्या पायाखाली लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण साडेसहा फुटी माणसाचा पाय लपतो थोडाच! मादाम दियालो त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"तुमचा बूट माझ्या बुटाशेजारी अर्धा तास गप्प उभा होता, महाशय. एकदाही म्हणाला नाही, की मी मोठा म्हणून पुढे मी."

"मादाम, बुटाला कचेरी चालवावी लागत नाही."

"त्याला फक्त चालावं लागतं. तेही जोडीने."

कुणीतरी हसलं. मग बेटावरचे खासदार, मग जर्मन बाई. लेमेन्स साहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं.

"बरं. पाळीपाळीने. दोन वर्षं आम्ही, दोन वर्षं तुम्ही. पण पहिली पाळी आमची."

"पहिली आमची."

"आमची."

"आमची."

झालं! पुन्हा गाडी तिथेच रुतली. मोरिता-साननी डोळे मिटले. आणि वनिताच्या तोंडून, तीन दिवस जे तोंड तिला नव्हतंच त्या तोंडून, निघून गेलं, "अहो, मग जानकेन करा ना! मूठ, कागद, कात्री! इथली सगळी मुलं तसंच ठरवतात. माझ्या घरी रात्रीची भांडी कुणी घासायची, तेही असंच ठरतं."

बोलून झाल्यावर तिला कळलं, हे कुणाचंही भाषांतर नव्हतं.

सगळे थांबले. क्षिप्राला मात्र आईच्या फ्रेंचमधला जानकेन एवढा एकच शब्द कळला आणि ती उड्या मारत मध्ये आली. "जान-केन-पोन!"

बेल्जियमने मूठ काढली. पश्चिम आफ्रिकेने तळहात उघडला. कागद मुठीला गुंडाळतो.

"आणखी एकदा?" लेमेन्स साहेब म्हणाले.

"दोन वर्षांनी," मादाम म्हणाल्या.

मसुद्यावर तिथेच, पायरीवर बसून सह्या झाल्या. मग क्षिप्राने बाहुलीला उठवलं, लेमेन्स साहेबांना बूट परत दिला, आणि आजोबांनी शिकवल्याप्रमाणे नाक दाराकडे करून समोर ठेवला.

सगळे गेल्यावर मोरिता-साननी वनिताला बोलावलं. वनिताने आधीच मान खाली घातली.

"माझं चुकलं. मूल आणलं, तुम्हाला सांगितलं नाही, आणि मध्येच स्वतःचं बोलले. दाखल्याचं मी काही म्हणणार नाही."

"दाखला आणलाय?"

"अं?"

"कागद, वनिता-सान. द्या इकडे."

वनिताने पिशवीतून काढला. त्याला थालीपीठाचा वास येत होता. मोरिता-साननी शिक्क्याची डबी उघडली, लाल शाईत शिक्का दाबला, आणि हात हवेतच थांबवला.

"अट आहे. एप्रिलपासून ही मुलगी पाळणाघरात असली पाहिजे. माझ्या परिषदेत नाही."

"पण ती जागा तर तुमच्या शिक्क्यावरच..."

"म्हणून तर मारते आहे. आजच्यासारखी गरज मी कुठल्याही दाखल्यात वाचलेली नाही." शिक्का कागदावर टेकला. "आणि तोंडाचं असं, की ते घरीच ठेवून या. नाहीच राहिलं, तर अशाच वेळी उघडा."

क्षिप्राने टाचा उंच करून बाहुली टेबलावर ठेवली. "हिला पण."

वनिता "अगं!" म्हणेपर्यंत, त्या इस्त्रीच्या रुमालासारख्या बाईंनी बाहुलीच्या कपाळावर मधोमध शिक्का टेकवला. लाल, गोल, चंद्राएवढा. एखाद्या लेकीची ओटी भरून कुंकू लावावं तसा.

सोमवारी नगरपालिकेच्या खिडकीशी बसलेल्या माणसाने दाखला उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"कागदावरचा शिक्का जरा पुसट उमटलाय," तो म्हणाला.

क्षिप्राने बाहुली खिडकीवर उभी केली. त्याने बाहुलीच्या कपाळाकडे पाहिलं, दाखल्याकडे पाहिलं, परत कपाळाकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि अर्ज 'आलेले' असं लिहिलेल्या पेटीत ठेवला.

बाहेर आल्यावर क्षिप्राने बाहुलीचा हात धरला आणि दुसरा हात आईपुढे केला.

"आई, आता तू मोठी. मला सांभाळ."