वाळूला न टेकलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची काठी आहे, आणि त्यातही खड्ड्यातली. मला सँड वेज म्हणतात. गोल्फच्या मैदानावर मुद्दाम वाळूचे खड्डे ठेवतात, त्यांना बंकर म्हणतात. चेंडू त्यात पडला की लोकांना माझी आठवण होते. एरवी मी पिशवीत इतर काठ्यांच्या गर्दीत उभी असते.

कारखान्यात माझं डोकं ओतलं, घासलं आणि तिरपं बसवलं. वाळूखालून शिरून चेंडू वर उचलायचा, तर तोंड वाकडं असावंच लागतं. विनाकारण वाकडी होणारी तोंडं मी पुढे पुष्कळ पाहिली, तेव्हा माझ्या वाकडेपणाची मला कधी लाज वाटली नाही.

मला विकत घेतलं ते एका घरच्या थोरल्या जावेने. ती क्लबाच्या महिला विभागाची कॅप्टन होती. शनिवार-रविवार मैदान पुरुषांचं असायचं. बायकांच्या वाट्याला मंगळवारची सकाळ. थोरली दर मंगळवारी बंकरमध्ये उतरायची, दातओठ खाऊन मला हाणायची, वाळू तिच्याच केसांत जायची आणि चेंडू जागच्या जागी राहायचा. "काठीच बोगस आहे," असं ती चारचौघींत म्हणायची. शेवटी तिने मला धाकट्या जावेला देऊन टाकलं. धाकटीला आखूड झालेले स्वेटर, झाकण न बसणारा कुकर आणि मी, असे सगळे एकदमच मिळालो.

धाकटी नवऱ्याबरोबर लाँड्री चालवायची. दिवसभर इस्त्री फिरवून तिचं मनगट चांगलं तयार झालेलं होतं. दुकानामागे कुणाचं तरी बांधकाम अर्धवट पडलं होतं, तिथल्या वाळूच्या ढिगावर ती संध्याकाळी मला घेऊन उभी राहायची. सुरुवातीला चेंडू भिंतीवर आपटायचे, एकदा तर ग्राहकाच्या धुतलेल्या पलंगपोसावर जाऊन बसला. पण ती चिकाटीची होती. वर्षभरात तिने आणि मी मिळून अशी करामत साधली, की चेंडू वाळूतून अलगद उठायचा आणि होलजवळ जाऊन थांबायचा. थोरलीबरोबर तीही मंगळवारी मैदानावर येऊ लागली, आणि बाकीच्या बायका खेळ सोडून बघायला यायच्या. "हिला बंकरमध्ये टाका, ही खूश," असं दातांची डॉक्टर म्हणायची. ती नेहमी आमच्याच गटात खेळायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

आता या खेळाची एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. चेंडू जितक्या कमी फटक्यांत होलमध्ये जाईल तितकं चांगलं. पण फटके मोजायला बरोबर पंच फिरत नाही. आपली चूक आपणच सांगायची आणि दंडाचा फटका आपणच आपल्या नावावर घ्यायचा. एकदा उंच गवतात धाकटीने मला चेंडूमागे टेकवलं आणि चेंडू केसभर सरकला. आजूबाजूला कुणीही नव्हतं. तरी तिने हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "माझा हलला! एक दंड!"

"एवढं कोण बघतंय गं?" थोरली हसली होती.

बंकरचा नियम आणखी कडक आहे. चेंडूला फटका मारण्याआधी काठी वाळूला लागता कामा नये. नुसती टेकली तरी दोन फटक्यांचा दंड.

वर्षअखेरीच्या मंगळवारी कपाचा सामना होता. शेवटच्या होलवर कप दोघी जावांपैकीच एकीला मिळणार हे उघड झालं होतं, आणि धाकटीचा चेंडू बंकरमध्ये गेला. थोरलीच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. धाकटी खाली उतरली. तिने मला वाळूच्या वर अधांतरी धरलं, सावकाश मागे नेलं आणि फटका मारला. चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला. पुढचा फटका पोरानेही मारला असता. धाकटी एका फटक्याने जिंकली.

मग तिने एक चूक केली, आणि ती चूक चांगल्या वळणाची बाईच करते. बंकरमधून निघताना दाताळं ओढून वाळू सारखी करायची, अशी इथली रीत आहे. थोरलीने ती कधी पाळली नाही, तिच्या मागून दुसरीच कुणीतरी वाळू सारखी करायची. धाकटीने मात्र आनंदातसुद्धा दाताळं उचललं आणि सगळी वाळू पुसून घेतली.

ती वर आली तेव्हा थोरली म्हणाली, "काठी मागे नेताना वाळूला लागली तुझी. मी पाहिलं."

"नाही हो वहिनी, नाही लागली."

"मग मी खोटं बोलतेय का?"

मित्रांनो, मी वाळूला टेकले नव्हते. माझ्याइतकं खात्रीने हे कोण सांगणार? पण काठीला कोण विचारतं! होलमधला खुणेचा झेंडा धरून समोर उभ्या असलेल्या डॉक्टरला सगळं स्वच्छ दिसलं होतं. पण तिला पुढच्या वर्षी कॅप्टन व्हायचं होतं, आणि नवी कॅप्टन कोण, हे जुनी कॅप्टन, म्हणजे थोरलीच ठरवणार होती. "माझं लक्ष झेंड्याकडे होतं," असं म्हणून ती मोकळी झाली. नियम समितीच्या प्रमुख एक मुख्याध्यापिका होत्या. त्या बंकर बघून आल्या. मी टेकले असते तर तिथे खूण दिसली असती. नसते टेकले तर फटक्यामागची वाळू कोरी दिसली असती. आता दिसत होत्या फक्त दाताळ्याच्या रेघा.

धाकटीचा नवरा कँटीनमध्ये बसला होता. त्याने धाकटीला बाजूला घेतलं. "अगं, वहिनी आहेत त्या. एका कपासाठी घरात दोन चुली मांडायच्या का?"

"पण नाही लागली हो."

"मला माहितेय नाही लागली. म्हणूनच सांगतोय, सोड."

समितीच्या खोलीत मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या. "हे बघ, तू नाही म्हणतेस, ती हो म्हणते. म्हणजे एकजण खोटी ठरणार. आपल्या क्लबात असं कधी झालेलं नाही. नकळत लागली असेल, एवढं म्हण. मग कुणीच खोटं ठरत नाही."

धाकटी मला घट्ट धरून उभी होती. "लागली असेल," ती म्हणाली.

"असेल काय?" थोरली म्हणाली. "नीट सांग."

"लागली."

आणि टाळ्या वाजल्या! "याला म्हणतात खेळ," असं म्हणत मुख्याध्यापिकांनी तिची पाठ थोपटली. थोरलीने तिला मिठी मारली आणि कप घेतला. केसभर हललेला चेंडू धाकटीने स्वतःहून सांगितला होता, तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती. जन्मात पहिल्यांदा ती धडधडीत खोटं बोलली आणि त्याच दिवशी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं. मला त्या टाळ्यांची अजून चीड येते.

त्यानंतर धाकटी मंगळवारी आली नाही. मला तिने तिथेच लॉकरमध्ये सोडलं. थोरलीने मला बाहेर काढलं, क्लबाच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलं आणि खाली पितळी पाटी बसवली: 'प्रामाणिकपणा'. माझी निगा उत्तम राखतात. मऊ फडक्याने पुसतात, तेल लावतात, गंजाचा ठिपका पडू देत नाहीत. सुट्टीत मुलं खेळ शिकायला येतात, तेव्हा थोरली त्यांना माझ्यासमोर उभं करते आणि सांगते, "हीच ती काठी. वाळूला टेकली, आणि माझ्या जावेने स्वतः कबूल केलं." तुम्हीही परवा माना डोलावल्यात, मित्रांनो.

मध्यंतरी धाकटी आली होती. क्लबातल्या टेबलांवर घालायची धुतलेली कापडं पोहोचवायला, मागच्या दाराने. जाताना माझ्यासमोर थांबली. तिने पाटी वाचली, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "लागलीच असशील गं तू."

म्हणून तुम्हांला विनवते, मला पुसत बसू नका. गंजले तरी चालेल. लाँड्रीचं दुकान इथून जवळच आहे. तिथे जा आणि ती पुरती विसरण्याआधी तिला सांगा, की मी टेकले नव्हते.