पश्चिमेची रांग

वटार गावात कुणाच्या पानवेलीला काही झालं, की लोक आधी प्लासिडला बोलवायचे आणि मग कृषी खात्याला. एकदा तर खात्याचा माणूसच त्याला स्कूटरवर बसवून घेऊन गेला होता, तेव्हा प्लासिड आठवडाभर छाती पुढे काढून चालत होता. त्याची स्वतःची पानवाडी बंद होऊन आठ वर्षं झाली होती. मजूर मिळेनात, पोरगा बँकेत लागला, मग कोण करणार? पण हातची विद्या गेली नव्हती. पान उलटं करून बघायचं, देठ मोडून हुंगायचा, बुंध्याची माती दोन बोटांनी उकरायची आणि निकाल द्यायचा. आजवर आपला एकही निकाल चुकला नाही असं तोच सांगायचा, आणि ते खोडून काढायला कुणी आलंही नव्हतं.

म्हणून एप्रिलातल्या एका सकाळी शेजारच्या यमुनावहिनी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तो चहा अर्धा टाकून ताठ मानेनेच गेला.

यमुनावहिनींचं माहेर भातशेतीवाल्या गावातलं. तीस वर्षं वटारात काढूनही ‘ण’ काही त्यांच्या जिभेवर बसला नव्हता.

“भाऊ, जरा येऊन बघता का? पानं जळाल्यागत झालीत. पानी कमी पडतंय का जास्त, तेच कळत नाही.”

त्यांची वाडी बावीस वर्षांची. नवरा श्रीरंग वालीवच्या एका कारखान्यात होता, आता रिटायर झालेला. त्याला वेल आणि दोडका यातला फरक कळत असेल तर शपथ. वाडी उभी केली ती वहिनींनी, एकटीने. पहाटे उठून पानं खुडायची, केळीच्या सोपटात बांधायची, टोपली गाडीवर चढवायची आणि मग घरातल्यांचा चहा. मुलीचं कॉलेज त्या वेलींवर झालं. तरी वहिनी त्याचा कधी डांगोरा पिटत नसत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “वेलीनं केलं, मी काय केलं?”

प्लासिड आत शिरला. पूर्वेकडच्या ओळी हिरव्यागार, पान कसं तळहातासारखं रुंद. पण पश्चिमेच्या पहिल्या चार ओळींत पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळलेल्या, वरची कोवळी पालवी तर पार करपलेली. त्याने देठ मोडून हुंगला. कुजका वास नाही. बुंधा उकरला. मूळ पांढरं, टणक. मग त्याने एक पान खुडलं आणि सवयीने जिभेला लावलं.

पान खारट लागलं.

मान वर करून त्याने पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने पाहिलं. कुंपणापलीकडे त्याचंच अंगण होतं, सपाट, फरसबंद, आणि त्याच्या वर नुसतं आभाळ. डिसेंबरपर्यंत तिथे सुरूची अठरा उंच झाडं रांगेने उभी होती.

आता ते सुरू का तोडले, याची गोष्ट काही फार मोठी नाही. जानेवारीत त्याच्या पोराचं, जॅक्सनचं लग्न होतं. बाराशे माणूस येणार, मांडव दारातच घालायचा, वरून गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न. जॅक्सन म्हणाला, पप्पा, ही पश्चिमेची रांग काढली तर चाळीस गाड्या आरामात लागतील. शिवाय सुरूच्या काड्या गच्चीवर पडून पन्हळ तुंबायची, बायको हेलन रोज कुरकुरायची. स्लॅबला टेकू देणारा एक ठेकेदार ओळखीचा निघाला. त्याला टेकूसाठी लाकडी बल्ल्या हव्याच होत्या. परवानगीचं मी बघतो म्हणाला, ते त्याने बघितलं की नाही देव जाणे, पण दोन दिवसांत अठरा झाडं आडवी करून, तुकडे पाडून, अंगण झाडून गेला. फरशी बसली. लग्नात जो आला तो म्हणाला, प्लासिड, जागा काय मस्त मोकळी केलीस.

त्याला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही वाटलं. अठरा झाडं म्हणजे काय जंगल? गेल्या दहा वर्षांत त्या गल्लीत असं प्रत्येकाने काही ना काही काढलं होतं. कुणी बंगल्यासाठी, कुणी गेट रुंद करायला, कुणी मुळं टाकीत शिरतात म्हणून. पलीकडे किनाऱ्यावरची सुरूची बाग होती, तिचीही पुढची निम्मी झाडं वाळू सरकल्यावर समुद्राने उचलून नेली होती. कुणीच जंगल तोडत नव्हतं. जो तो आपलं अंगण साफ करत होता. फरक एवढाच पडला की रांगेत उतरणारे बगळे दुसरीकडे गेले, आणि हेलनचे कपडे अर्ध्या तासात वाळायला लागले. जरा कडक वाळायचे, अंगाला चावायचे, पण वाळायचे. ती खूश होती.

ती रांग त्याच्या बापाने लावली होती, पानवाडीला खारा वारा लागू नये म्हणून. हे प्लासिडला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? तो तर पानवेलीचा वैद्य. पण त्याची वाडी बंद झाली, आणि त्या दिवसापासून ती रांग त्याच्या लेखी बिनकामाची झाली. रांगेच्या आडोशाला कुंपणापलीकडे आणखी कुणाची वाडी उभी आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

“काय झालंय, भाऊ?” वहिनींनी विचारलं.

एक वाक्य बोलायचं होतं. माझ्यामुळे झालंय, एवढंच. प्लासिडने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “मर आहे, वहिनी.”

मर म्हणजे मुळं कुजवणारा रोग. एका वेलीला लागला की ओळीच्या ओळी घेऊन जातो. पण मर लागली तर दोष कुणाचाच नसतो, म्हणून तर तो शब्द त्याच्या तोंडाला आला. बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं, फवारणी सांगून वेळ मारून नेऊ. पण वहिनी काही कच्च्या नव्हत्या. मर म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं.

“म्हनजे सगळी काढावी लागेल?”

“तसंच काहीसं.”

“जाळावी पन लागेल.”

वहिनींनी पदराला हात पुसले, एका वेलीची सुटलेली दोरी पुन्हा नीट बांधली, आणि म्हणाल्या, “तुम्ही बघितलंत ते बरं झालं. मी उगाच पान्याला दोष देत बसले असते.”

संध्याकाळपर्यंत श्रीरंगने पुढचं सगळं ठरवूनही टाकलं. लग्नाच्या लॉनसाठी जागा मागणारी एक पार्टी वर्षभर त्याच्या मागे होतीच. वाडी आहे तोवर बायको ऐकत नव्हती. आता वाडीच जाणार म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल? सोमवारी मजूर येणार, वेली उपटणार, महिन्याभरात सपाटीकरण. हे त्याने कुंपणावरूनच प्लासिडला सांगितलं, वर आभारही मानले.

त्या आठवड्यात प्लासिडचं जेवणावरून मन उडालं. शनिवारी हेलनने ताट पुढे सरकवलं आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

“अहो, काय झालंय ते सांगता की मी जॅक्सनला बोलवू?”

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, पान जिभेला लावलं तेही. हेलन खुर्चीत बसली. तिला यमुनावहिनींचा फार लळा. बाळंतपणात वहिनींनी तिला सव्वा महिना अळीवाची खीर करून घातली होती.

“उद्या चर्चमध्ये मिस्साआधी फादरांकडे पापनिवेदन करतो,” प्लासिड म्हणाला. “मनावरचं ओझं तरी उतरेल.”

“फादरांच्या पानवेली जळाल्यात का?” हेलन म्हणाली.

रविवारी तो मिस्साला गेला, पापनिवेदन न करताच परत आला, आणि दोनदा कुंपणापर्यंत जाऊनही परत फिरला. पासष्ट वर्षांचा माणूस, पण शाळेत काच फोडलेल्या पोरासारखी गत झाली होती. गावात उद्या काय बोलतील, हीच भीती त्याला खात होती. झाडं तोडली म्हणून कुणी नावं ठेवली नसती, ती सगळ्यांनीच तोडली होती. पण पानवेलीचा वैद्य खोटं बोलला, हे गाव विसरलं नसतं. आणि दुसरीकडे बावीस वर्षांची वाडी. त्याने मनात कितीही तोललं तरी पारडं कुठे झुकतंय ते त्याला दिसत होतं, फक्त पाय उचलत नव्हता.

सोमवारी सकाळी कुदळीचा आवाज आला, तेव्हा मात्र तो बनियनवरच धावला.

पहिली ओळ निघाली होती. वेली जमिनीवर पसरलेल्या, दोन मजूर दुसऱ्या ओळीला हात घालत होते. यमुनावहिनी बांधावर बसून उपटलेल्या वेलींची वेटोळी वळत होत्या, जाळायला सोपी जावीत म्हणून.

“थांबा,” प्लासिड म्हणाला. “वहिनी, थांबवा त्यांना. मर नाही ही.”

मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. त्याला धाप लागली होती, तरी तो एका दमात बोलला. “वेल निरोगी आहे. खारा वारा लागलाय. माझे सुरू तोडले ना, म्हणून. मला त्याच दिवशी कळलं होतं. पान चाखल्याबरोबर कळलं होतं. लाज वाटली म्हणून मर म्हणालो.”

वहिनींनी हातातलं वेटोळं मांडीवर ठेवलं. त्यात मूळ वर आलं होतं, पांढरंशुभ्र, केसासारखी तंतुमुळं फुटलेलं.

“मला दिसलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “पहिलीच वेल निघाली तेव्हा दिसलं. मूळ कुजलेलं नाही. वासपन नाही. मग म्हटलं, प्लासिडभाऊ कसे चुकतील? माझेच डोळे गेले असतील. म्हनून पुढची काढायला सांगितली.”

त्या ओरडल्या असत्या तर प्लासिडला सोसलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्याला बनियनखेरीज काही सापडलं नाही.

“मला माफ करा, वहिनी.”

“ते नंतर बघू,” वहिनी उठल्या. मजुरांना म्हणाल्या, “निघालेल्या वेली सावलीत घ्या. वर ओलं पोतं टाका. कांड्या पाडून आज संध्याकाळीच लावायच्या.” मग घराकडे बघून, श्रीरंगला ऐकू जाईल अशा आवाजात, “आनि त्या लॉनवाल्याला सांगा, येऊ नको.”

प्लासिड तिथेच उभा होता. काय करू ते सुचत नव्हतं, म्हणून सवयीने वाकला आणि दुसऱ्या ओळीतल्या एका वेलीचं पान उलटं करून बघू लागला.

“राहू द्या, भाऊ,” वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण त्याने हात मागे घेतला. “वेलीचं आता मी बघेन. तुम्ही वाऱ्याचं बघा.”

बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. प्लासिडला तसलं काही वाटलं नाही. सुरू पुन्हा लावले तरी वारा अडवण्याइतके उंच व्हायला पाच-सहा वर्षं लागणार, तोवर दर उन्हाळ्यात कुंपणाला माणसाहून उंच आडोसा करावा लागणार, आणि तो करणाऱ्याचं वय दरवर्षी वाढणार, हा हिशेब त्याने उभ्या उभ्या मनात केला.

घरी येऊन त्याने सदरा चढवला, कोयता घेतला आणि माडाखालच्या झावळ्या ओढायला सुरुवात केली. हेलन आडोशाची झापं विणायला शेजारी येऊन बसली. जॅक्सन कामाला निघाला होता. फरशीच्या मधोमध झावळ्यांचा ढीग बघून म्हणाला, “पप्पा, मी गाडी कुठे लावू संध्याकाळी?”

“रस्त्यावर,” प्लासिड म्हणाला. “आणि रविवारी कुठे जाऊ नकोस. कुंपणालगतच्या सगळ्या फरश्या काढायच्या आहेत.”